वाचकांचे प्रश्न : अडीच गुंठे, एक सुई आणि रिकामी दुपार

मागच्या अंकात मी माझ्या एका शनिवारबद्दल लिहिलं होतं, सकाळी अलॉटमेंटवर, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर जाऊन लसणाच्या वाफ्यातलं तण काढलं, दुपारी घरी येऊन उशीचा अभ्रा शिवला, संध्याकाळी खिडकीत बसून चहा प्यायले आणि दिवस संपला, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. कुणाला प्लॉटबद्दल विचारायचंय, कुणाला शिवणाबद्दल, आणि बऱ्याच जणींनी तर एकच विचारलंय की असा दिवस मिळतो तरी कसा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण जी पत्रं दोन-तीनदा वाचली गेली ती इथे घेतलीयत.

काकू, माझा मुलगा इंग्लंडला असतो, त्याने म्हणे अलॉटमेंट घेतलंय. फोनवर सारखं तेच बोलणं. जमीन विकत घेतलीस का विचारलं तर नाही म्हणतो, भाड्याने का विचारलं तर हो पण तसं नाही म्हणतो. हे नक्की असतं काय?
— एक आई, पुणे

ताई, मुलगा बरोबरच सांगतोय, फक्त त्याला नीट समजावता येत नाहीये. जमीन बहुतेक वेळा कौन्सिलची असते, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची. मोठा तुकडा घेऊन त्याचे प्लॉट पाडलेले असतात, वर्षाचं भाडं भरायचं आणि भाजी, फळं, फुलं लावायची. तिथे राहायचं नाही, घर बांधायचं नाही, फार तर अवजारं ठेवायला एक लाकडी शेड. माप अजून जुनंच चालतं, रॉडमध्ये. पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. पण तुम्हाला मी गुंठ्यात सांगते, एका एकरात १६० चौरस रॉड आणि एका एकरात ४० गुंठे, म्हणजे दहा रॉड बरोब्बर अडीच गुंठे. हा हिशोब मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर केला तेव्हा इतका आनंद झाला होता, परक्या देशातली जमीन एकदम ओळखीची वाटायला लागली.

आणि ही काही नवी फॅशन नाहीये हं. गावांच्या सामायिक जमिनींना कुंपणं पडली आणि गरिबांना भाजी लावायला, एखादं जनावर चारायला जागाच उरली नाही, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे. १९०८च्या कायद्याने कौन्सिलांवर जबाबदारी टाकली, गावातल्या सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, ते कलम आजही आहे. १९२५च्या कायद्याप्रमाणे अशा कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारं अन्न कमी झालं तेव्हा सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ म्हणून मोहीमच काढली होती, बागा, मैदानं खणून लोकांनी बटाटे-कोबी लावले, प्लॉटांची संख्या तेव्हा १४ लाखांच्या आसपास गेली. रेशनिंग तर तिथे १९५४पर्यंत होतं. त्यामुळे तुमचा मुलगा ज्या मातीत हात घालतोय तिथे त्याच्याआधी कितीतरी घरांचं पोट भरलंय. पुढच्या वेळी फोन आला की काय लावलंस एवढंच विचारा, बघा कसा बोलत सुटेल.

ताई, चार वर्षं वेटिंग लिस्टवर राहून फेब्रुवारीत प्लॉट मिळाला. पूर्ण दहा रॉड. सगळीकडे कमरेएवढं गवत आणि जमिनीखाली पांढऱ्या मुळ्यांचं जाळं. दोन महिने दर शनिवार-रविवार खणतेय, पाठ गेलीये, आणि अजून एक बी पडलेलं नाही. नवरा म्हणतो परत देऊन टाक. रडू येतं.
— एक वाचक, रेडिंग

अगं, रडू नकोस, आणि प्लॉट परतही देऊ नकोस. अर्धा परत दे. कौन्सिलला किंवा साइटच्या सेक्रेटरींना सरळ लिही की मला पाच रॉड पुरेत, बऱ्याच ठिकाणी ते आनंदाने प्लॉटचे दोन भाग करतात कारण मागे रांग लागलेली असतेच. सव्वा गुंठा ही दोन नोकऱ्या करणाऱ्या घरासाठी भरपूर जमीन आहे. मला विचारशील तर नवीन माणसाला पूर्ण प्लॉट देऊच नये, ज्या माणसाने चार वर्षं वाट बघितली त्याचा उत्साह पहिल्या दोन महिन्यांत मोडतो याचं मला फार वाईट वाटतं, आणि दोष त्याचा नसतो, जमीन जास्त असते.

आता जो अर्धा उरेल तो सगळा खणायचा नाही. एकच वाफा आखून घे, चार फूट रुंद आणि आठ-दहा फूट लांब. चारच फूट का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही, माती दबत नाही. बाकीचं गवत कापून वर पुठ्ठा अंथर, साधे तपकिरी खोके चालतात, चिकटपट्ट्या आणि पिना मात्र काढून टाक, एक पुठ्ठा दुसऱ्यावर वीतभर चढला पाहिजे, नाहीतर फटीतून गवत बरोबर वर येतं. पाण्याने चिंब भिजव आणि वर मिळेल तेवढं कंपोस्ट, चार-सहा इंच मिळालं तर फारच छान. कंपोस्ट परवडत नसेल तर काळं जाड कापड घालून कडा दगडांनी दाबून ठेव. जुनं कार्पेट कुणी फुकट दिलं तरी घालू नकोस, त्यातले प्लास्टिकचे धागे मातीत वर्षानुवर्षं सापडत राहतात आणि बहुतेक साइटवर त्याला बंदीच आहे. आणि करार एकदा नीट वाच, पहिल्या वर्षात अमुक भाग लागवडीखाली हवा असं कलम बहुधा असतं, झाकलेली जमीन त्यात धरतात का हे आत्ताच विचारून ठेव म्हणजे मागाहून नोटीस यायला नको.

त्या पांढऱ्या मुळ्यांबद्दल. तू लिहिलंयस त्यावरून ते बाइंडवीड असणार, पांढऱ्या भोंग्यासारखी फुलं येणारा वेल. मुळं शेवयांसारखी ठिसूळ, ओढली की कट्कन तुटतात आणि राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवा वेल. म्हणून त्यावर माती उलटायचं मशीन फिरवायचं नाही, एका वेलाचे हजार होतील. फोर्कने, म्हणजे काट्यांच्या फावड्याने, माती सैल करायची आणि बोटांनी हळूहळू मुळं बाहेर काढायची, आणि ती कंपोस्टच्या ढिगात टाकायची नाहीत. एका वर्षात जाणार नाही, दोन-तीन वर्षं धर. पण एकाच वाफ्यात हे करायचं असेल तर ते शांत बसून करण्यासारखं काम आहे, मला तर आवडतं, निवडलेल्या तांदळासारखी माती मागे राहते.

लगेच काहीतरी लावायचं तर बटाटे लाव, एप्रिलच्या मध्यापर्यंत वेळ आहे. मोड आलेलं बियाणं, फूटभर अंतर, दोन ओळींत दोन फूट. पाला वर आला की माती चढवत राहायची, आणि मे महिन्यात रात्री फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडणार असेल तर पाल्यावर जुनी चादर टाकायची. लवकर येणाऱ्या जातीचे असतील तर जूनच्या शेवटी, जुलैत निघतील. पहिलं झाड उपटशील ना, तेव्हा नवऱ्याला मुद्दाम बरोबर ने.

आणि एक खुर्ची ने, या आठवड्यातच. खुर्ची नसलेल्या प्लॉटवर माणूस फक्त राबतो.

काकू, मेथी येते पण कोथिंबीर नाही. जूनमध्ये लावली की बोटभर झाली नाही तोवर तुरे येतात. काय चुकतंय?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

चुकत काही नाहीये, दिवस मोठे आहेत. इंग्लंडमध्ये जूनमध्ये सोळा-सोळा तास उजेड असतो, कोथिंबिरीला वाटतं आता फुलायची वेळ झाली, त्यात माती कोरडी पडली की आणखी घाई. म्हणून एप्रिल-मेच्या सुरुवातीला एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा पेरायची. ऑगस्टची सगळ्यात छान येते, थंडीत वर झाडांवर घालायचं पातळ फ्लीसचं कापड घातलं तर बरेच दिवस पुरते. धणे हलके रगडून दोन फाका करायच्या आणि जिथे वाढवायची तिथेच पेरायचे, कुंडीतून उपटून दुसरीकडे लावली की रुसते. जून-जुलैत हवीच असेल तर काठ्यांवर चढणाऱ्या रनर बीन्सच्या सावलीत दाट पेरून लहानपणीच कापून घे.

तुरे आलेली उपटू मात्र नकोस. त्या पांढऱ्या फुलांवर होव्हरफ्लाय नावाच्या छोट्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात, तुझे ब्रॉड बीन्स वाचतील. मागाहून ओले हिरवे धणे मिळतात ते वेगळेच, ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

मेथीचं चांगलं चाललंय म्हणतेस तर तेच ठेव, मे ते ऑगस्ट, रात्रभर भिजवलेले दाणे, दाट ओळी. स्वयंपाकघरातल्या पाकिटातलेच चालतात, बियाणं म्हणून वेगळं विकत घ्यायची गरज नाही.

थोडक्यात चार प्रश्न

*उरलेली भाजी विकली तर चालते का?* तुमचा प्लॉट मुख्यतः घरच्या खाण्यासाठी असायला हवा असं १९२२चा कायदा सांगतो, त्यामुळे धंदा म्हणून नाही. शेजाऱ्याला देणं, साइटच्या टेबलावर ठेवणं वेगळं, पण करार बघा.

*कोंबड्या?* १९५०च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा आहे, कोंबडा नाही आणि धंद्यासाठी नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४पासून एकच कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी लागते. मी हे इंग्लंड-वेल्सचं सांगतेय, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

*गोगलगायींसाठी जुन्या निळ्या गोळ्या शेडमध्ये सापडल्यात, वापरू का?* नको. पाकिटावर मेटाल्डिहाइड लिहिलं असेल तर बाहेर वापरायला मार्च २०२२च्या शेवटापासून बंदी आहे, पक्षी आणि साळूंसारखे काटेरी हेजहॉग त्याने मरतात. कौन्सिलच्या कचरा केंद्रात विचारून द्या. फेरिक फॉस्फेटवाल्या चालतात. मी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन हाताने वेचते, पाऊस पडून गेल्यावर तर अर्ध्या तासात बादली भरते.

*फुकट मिळालेली घोड्याची लीद घालावी का?* आधी तपासून. माझ्या तिसऱ्या वर्षी एका तबेल्यातून आणलेली मी सगळीकडे पसरली आणि टोमॅटोची पानं नेच्यासारखी गुंडाळली गेली, पूर्ण हंगाम गेला. घोड्याने खाल्लेल्या गवतावर तणनाशक मारलेलं होतं, ते पोटातून, लीदेतून तसंच बाहेर येतं. तेव्हापासून मी एका कुंडीत लीद आणि माती मिसळून ब्रॉड बीन्स लावते, दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत. तीन-चार आठवड्यांत पानं वाकडी झाली तर ती लीद प्लॉटवर नाही.

ताई, गुडघ्यावर बसून बसून दोन जीन्स फाटल्या. म्हणून हौसेने शिलाई मशीन घेतलं. पण शिवायला घेतलं की कापडाच्या खाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो, बॉबीन दहा वेळा काढून घातली. मशीन खराब निघालं का?
— एक वाचक, स्लाऊ

मशीन चांगलं आहे. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबीनकडे बघतात, पण तो बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. वरचा दोरा ओवताना मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वर उचललेला हवा. फूट खाली असला की दोरा ताणणाऱ्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरच्यावर राहतो, मग खाली ढीग. तर सगळा दोरा काढ, फूट उचल, पुन्हा ओव, सुरुवातीचे दोन-तीन टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून घाल. नव्वद टक्के मशिनं इथेच सुधारतात असं मी म्हणेन. आणि जीन्ससाठी सुई जाड लागते, १०० नंबरची, पाकिटावर १००/१६ लिहिलेलं असतं. मशीनबरोबर येते ती बारीक, ती मोडेल.

पण ठिगळ मी तरी हातानेच लावते. जीन्सचा पाय अरुंद, मशीनखाली गुडघा नेता नेता जीव जातो. जुन्या जीन्सचाच तुकडा घे, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा, कारण भोकाच्या आजूबाजूचं कापडही विरलेलं असतं, अगदी काठावर शिवलंस तर महिन्याभरात ठिगळाच्या बाजूने फाटेल. तुकडा आतून ठेव, कच्चा दोरा घालून पक्का कर, मग आख्ख्या ठिगळावर धावदोऱ्याच्या ओळी, अर्ध्या बोटाच्या अंतराने. दोरा कोपरापर्यंतच घे, लांब दोरा घेतला की वेळ वाचेल असं वाटतं पण गाठीच जास्त होतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरं.

इथल्या लोकांनी कपड्यांचं रेशनिंगही काढलंय, जून १९४१ ते मार्च १९४९, कूपन असेल तरच कपडा. १९४३मध्ये सरकारने घरोघरी दुरुस्ती शिकवायला ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली होती. मला हे नेहमी आठवतं, कारण माझ्या प्लॉटशेजारच्या आजी नव्वदीच्या आहेत आणि त्यांच्या बागकामाच्या कोटाच्या कोपरावर तीन थरांची ठिगळं आहेत, एकावर एक. त्या कोटाकडे बघून मी ठिगळ लावायला शिकले.

मावशी, आई मागच्या वर्षी गेली. तिच्या आठ सुती साड्या माझ्याकडे आहेत. गोधडी करावी असं फार वाटतं पण कात्री लावायला हात धजत नाही. साड्या तशाच कपाटात आहेत. काय करू?
— एक मुलगी, लंडन

बाळा, कात्री लावायचीच नाही. गोधडीला, आमच्याकडे वाकळ म्हणायचे, कापायची गरजच नसते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिची तिहेरी घडी घातलीस की जवळजवळ सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद होते, एका माणसाच्या पांघरुणाचं मापच ते. एक साडी आत, एक साडी बाहेर, झाले सहा थर. साड्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या असतील तर सुई सहज जाईल. आईच्या नवीनच राहिलेल्या, खळ असलेल्या साड्या यात घेऊ नकोस, त्या नेसायला ठेव.

सगळ्या आठ घेऊ नकोस. दोन निवड. तीच तुझ्यासाठी अवघड गोष्ट असेल, शिवण नाही. दोन निवडल्या की बाकीच्यांना काही होत नाही, त्या कपाटातच आहेत.

साड्या आधी धू, कडक वाळव, इस्त्री कर. जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर घडी घाल, आणि मधून बाहेरच्या बाजूला तळहाताने सपाट करत जा, सुरकुती आत राहिली तर ती कायमची राहते. मग मोठ्या मोठ्या टाक्यांनी कच्चं घाल, उभं, आडवं, मधून तिरपं. यात कंटाळा करू नकोस, कच्चं नीट घातलं तर पुढे थर सरकत नाहीत. मग कडेपासून सुरू करायचं, चारी बाजूंनी गोल फिरत फिरत आत आत जायचं, साधा धावदोरा, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. साडीचा काठ बाहेर येईल असा ठेवलास तर वेगळी पट्टी लावायला नको.

किती दिवस लागतील विचारशील तर मोजू नकोस. रोज एक दोरा संपेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं. कधीकधी एखाद्या ठिकाणी हळदीचा डाग दिसेल, कुठे रफू केलेलं दिसेल. तिथे थांबावंसं वाटलं तर थांब. टाके वाकडे पडले तरी उसवू नकोस, आपल्या आया-आज्यांच्या गोधड्यांचे टाके मोजून सरळ नव्हते, हातासारखे होते. झाली की मला लिही.

काकू, मी चौतीस वर्षांची, आयटीत, दोन मुलं. रविवारी तीन तास प्लॉटवर मिळतात. खरं सांगते, तिथे नुसतं बसले की अपराधी वाटतं, घरी ढीगभर कामं पडलीयत असं वाटतं, मग मी पॉडकास्ट लावते, फोटो काढते, पुढची यादी करते. तुमच्यासारखा शांत दिवस मला का जमत नाही?
— एक वाचक, हॅरो

तुझं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. आधी एक स्पष्ट सांगते, माझी मुलं मोठी झालीयत, मला शनिवार आख्खा मिळतो, तुला तीन तास मिळतात, त्यामुळे माझ्या दिवसाशी तुझा दिवस लावून बघू नकोस. दोन लहान मुलं असताना मला तीन तास काय, तीस मिनिटंही मिळत नव्हती.

पण त्या तीन तासांत काय करायचं ते सांगू शकते. एकच काम ने. खरंच एकच. घरून निघतानाच ठरव, आज फक्त कांद्याच्या ओळीतलं तण. बाकी प्लॉट तुला हाका मारेल, बीन्सना काठ्या हव्यात, कंपोस्ट उलटायचंय, शेडचं दार वाजतंय, ते सगळं पुढच्या रविवारी. काम लहान असावं आणि संपलेलं डोळ्यांना दिसावं, एवढीच अट. तण काढलेली ओळ दिसते. लावलेलं बटण दिसतं. आपण ऑफिसमध्ये आणि घरातही जे करतो त्यातलं बरंचसं कधी संपलेलं दिसतच नाही, आणि मला वाटतं दमायला होतं ते कामाने कमी आणि त्या न संपण्याने जास्त.

काम संपलं की घड्याळात बघ, एक-दीड तास झालेला असेल. उरलेला वेळ खुर्चीत. आणि इथे तुला ते अपराधी वाटणं येईल, येऊ दे, ते पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यात जोरात असतं. मी तेव्हा थर्मासमधला चहा ओतून घेते आणि कप दोन्ही हातांत धरते, हातांत कप असला की मोबाइल धरता येत नाही, इतकं साधं आहे. मग रॉबिन पक्षी येतो, तो येतोच, नुकत्याच उकरलेल्या मातीतले किडे वेचायला, अगदी फोर्कच्या दांड्यावर बसतो. दुरून कुणाच्या तरी चाकगाडीचं करकरणं ऐकू येतं. तू तो वेळ कुणाला दाखवायचा नाहीये, म्हणून फोटो नको. पॉडकास्टही प्लॉटवर नको, स्वयंपाक करताना लाव, तिथे ते छान लागतात.

मुलांना कधीकधी ने, पण त्यांना त्यांचा असा एक वीतभर तुकडा दे आणि त्यात तू हात घालू नकोस. मुळे लावायला दे, चार-पाच आठवड्यांत निघतात, मुलांना तेवढीच वाट बघवते. आणि घरी येताना एक पिशवी मटार आणलास तर तो ओट्यावर एकटीने सोलू नकोस, सगळ्यांना पायरीवर बसव. आमच्याकडे सोललेल्यातला अर्धा मटार पातेल्यात पोचायचाच नाही, पायरीवरच संपायचा, आणि मुलं मोठी झाली तरी घरी आली की मटार आहे का विचारतात.

ताई, हे सगळं उन्हाळ्याचं झालं. डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आत अंधार होतो, प्लॉटवर चिखल, तेव्हा काय करता? मला तेव्हा फार उदास होतं.
— एक वाचक, लेस्टर

होतं, मलाही व्हायचं, पहिली काही वर्षं फारच. उदासपणा रोजचाच होत असेल आणि उठवत नसेल तर डॉक्टरांशी बोला, ते आधी. बाकी माझं सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मी लसूण लावते आणि थोडे ब्रॉड बीन्स, त्यामुळे डिसेंबरात जमिनीत काहीतरी हिरवं वर आलेलं असतं, ते बघायला म्हणून दुपारी बारा-एकच्या उजेडात जाऊन येते, वीस मिनिटं, काम काही करत नाही. लसणाला थंडी हवीच असते, थंडीशिवाय त्याच्या पाकळ्या नीट सुटत नाहीत.

आणि मग चार वाजता पडदे ओढते, दिवा लावते, शिवण काढते. शिवण मी वर्षभर साठवूनच ठेवते. उन्हाळ्यात जे जे फाटतं, सुटतं, उसवतं ते सगळं एका टोपलीत टाकत जाते, हातमोजे, एप्रन, बटण गेलेला शर्ट, टाचेत विरलेले लोकरी मोजे. डिसेंबरात टोपली भरलेली असते आणि रोज एक वस्तू बाहेर येते. मोज्यांना रफू करायला लाकडी मशरूमसारखं एक साधन मिळतं, ते मोज्यात घालून वर जाळी विणायची, आधी उभे दोरे, मग आडवे, एक वरून एक खालून. ते नसेल तर टेनिसचा चेंडू घाला, काम होतं. यंदा टोपलीत सगळ्यात वर माझी गुडघ्याखाली घ्यायची चटई आहे, जुन्या चादरीचे आठ थर घालून शिवलेली, तिची एक कड बाइंडवीड काढता काढता पार उसवलीये. बियांचा डबाही तेव्हाच निघतो, रनर बीन्सच्या वाळलेल्या शेंगा फोडून जांभळ्या-काळ्या बिया वेगळ्या करायच्या, पाकिटावर वर्ष लिहायचं. तुम्हाला हव्या असतील तर मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवा, दहा-बारा बिया घालून परत पाठवते, मेच्या मध्यावर घरात कुंडीत लावायच्या आणि फ्रॉस्ट संपला की बाहेर.